‘टेक’ नीट वापरायला शिका: सांगली-मिरजेच्या रोजच्या वाक्यांतून

इंग्रजी बोलायला शिकणाऱ्या मोठ्या माणसांनी एकच क्रियापद आधी घट्ट करायचं असेल तर ते ‘टेक’ करावं, असं माझं मत आहे. विश्रामबागेत संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्यांत बँकेतले कारकून असतात, मिरजेच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या सिस्टर असतात, मार्केट यार्डातल्या पेढीवर हिशोब बघणारी मुलं असतात, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून आलेल्या आयाही असतात. ‘टेक’चा अर्थ यांतल्या प्रत्येकाला शाळेपासून पाठ असतो: घेणे. आणि गाडी नेमकी तिथंच अडते.

“हळद तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात” हे सांगलीतल्या कुणालाही माहीत असलेलं वाक्य इंग्रजीत सांगायला लावलं, की लोक ‘नीड’ म्हणतात, ‘रिक्वायर’ म्हणतात, कुणी ‘मंथ्स आर गोइंग’ असंही म्हणतं. ‘टेक’ सुचत नाही, कारण मराठी वाक्यात ‘घेणे’ कुठेच दिसत नाही. उलट “टेन्शन घेऊ नकोस” म्हणायचं असलं की ‘टेक’ हमखास येतं, जिथे त्याचं काही काम नसतं.

म्हणून या लेखातला क्रम पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळा आहे. सुरुवात मराठी वाक्यापासून करायची. आपण दिवसभर जे बोलतो त्यातल्या कुठल्या कुठल्या क्रियापदांच्या जागी इंग्रजीत ‘टेक’ बसतं ते एकेक करून बघायचं, आणि ‘घेणे’ला जवळजवळ शेवटी हात लावायचा.

पायरी 1: रूपं तोंडात बसवा

टेक, टुक, टेकन. ‘टेक्स’ आणि ‘टेकिंग’ धरून पाच रूपं झाली. ‘टुक’मधला उ ऱ्हस्व आहे, ‘बुक’मधल्यासारखा. तो ‘टूक’ असा ओढू नका. ‘टॉक’ म्हणजे बोलणे, तो शब्दच वेगळा. बोलताना जीभ घसरते ती दोन जागी. “डिड यू टुक?” हे चूक, कारण ‘डिड’नं भूतकाळ आधीच सांगितला, म्हणून “डिड यू टेक?”. आणि ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ यांच्यामागे ‘टेकन’ येतं, ‘टुक’ नाही: “आय हॅव टेकन द की.” म्हणजे किल्ली मी घेतली आहे.

‘टेकन’चा एक रोजचा उपयोग असा, की सांगलीहून पुण्याला जाणाऱ्या एसटीत चढलात, खिडकीजवळची जागा रिकामी दिसतेय पण तिथे रुमाल टाकलेला आहे. “इथे कुणी बसलंय का?” याला इंग्रजीत “इज धिस सीट टेकन?” म्हणतात. हे वाक्य अख्खंच्या अख्खं पाठ करा, त्याचं व्याकरण नंतर कळलं तरी चालेल.

पायरी 2: ‘लागणे’पासून सुरुवात करा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बोलण्यात ‘टेक’ पुन्हा पुन्हा लागतं ते वेळ सांगताना, आणि मराठीत वेळ ‘लागतो’.

साधा साचा असा: ‘इट टेक्स’, मग वेळ, मग ‘टु’ आणि काम. “मिरजेला जायला अर्धा तास लागतो.” “इट टेक्स हाफ ॲन अवर टु गेट टु मिरज.” इथल्या ‘इट’चा अर्थ ‘ते’ नाही. त्याला अर्थच नाही, नुसती कर्त्याची जागा भरण्यापुरतं ते बसवलेलं असतं. मराठीत अशा वाक्याला कर्ता शोधत बसावं लागत नाही, इंग्रजीत मात्र काहीतरी पुढे उभं करावंच लागतं. एवढं स्वीकारलं की अर्धं काम झालं.

आता त्यात माणूस घाला. “मला फॉर्म भरायला तीन दिवस लागले.” मराठीत ‘मला’ सगळ्यांच्या आधी येतो, म्हणून इंग्रजीतही “टु मी…” अशी सुरुवात करायचा मोह होतो. तो टाळा. माणूस ‘टेक’च्या लगेच मागे येतो आणि ‘टु’ न लावता येतो: “इट टुक मी थ्री डेज टु फिल इन द फॉर्म.” तसंच “इट टुक हिम अ वीक”, “इट विल टेक अस टेन मिनिट्स”. मी, हिम, हर, अस, देम ही रूपं इथे लागतात. ‘आय’ आणि ‘ही’ इथे चालत नाहीत.

“आय टुक थ्री डेज टु फिल इन द फॉर्म” असंही म्हणता येतं का? येतं. पण त्यात एक छटा आहे: मीच वेळ लावला. ऑफिसमध्ये साहेबांना उशिराचं कारण सांगायचं असेल तर ‘इट’वालं वाक्य तुमच्या बाजूचं आहे. दोष कामाच्या अंगावर जातो, तुमच्या नाही.

कधी कधी कामच कर्ता होतं. हळदीचं मघाचं वाक्य असं करायचं: “टर्मरिक टेक्स एट टु नाइन मंथ्स टु ग्रो.” तासगावच्या बेदाणा शेडवर द्राक्षं वाळायला साधारण पंधरा दिवस लागतात: “द ग्रेप्स टेक अबाउट फिफ्टीन डेज टु ड्राय.” मिरजेत तंबोऱ्यासाठी आणलेला भोपळा नीट वाळायला काही महिने लागतात: “द गोर्ड टेक्स अ फ्यू मंथ्स टु ड्राय प्रॉपरली.” द्राक्षं अनेक म्हणून ‘टेक’, भोपळा एक म्हणून ‘टेक्स’. बोलण्याच्या ओघात हा ‘स्’ गळतो. तो मुद्दाम ऐकू येईल असा म्हणायची सवय लावा.

काम एखाद्या वस्तूचं किंवा दुसऱ्या माणसाचं असेल तर ‘फॉर’ मदतीला येतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला तेव्हा पाणी उतरायला कितीतरी दिवस लागले: “इट टुक डेज फॉर द वॉटर टु गो डाउन.” कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला पोहोचायला बराच वेळ लागतो: “इट टेक्स अ लाँग टाइम फॉर द वॉटर टु रीच सांगली.” हा ‘फॉर’ पाण्याच्या आधी येतो हे बघून ठेवा. वेळेच्या आधी तो लावायचा नाही. “इट टुक फॉर टू अवर्स” असं पुष्कळजण बोलतात, तो ‘फॉर’ काढून टाका.

प्रश्न विचारताना “हाउ लाँग डज इट टेक?” म्हणजे एरवी किती वेळ लागतो, “हाउ लाँग विल इट टेक?” म्हणजे आता किती लागेल, आणि “हाउ लाँग डिड इट टेक?” म्हणजे किती लागला. “हाउ मच टाइम इट टेक्स?” असा प्रश्न आपल्याकडे सर्रास ऐकू येतो. ‘हाउ मच टाइम’ला हरकत नाही, पण ‘डज इट टेक’ हा क्रम सोडू नका. उत्तरात “इट वोन्ट टेक लाँग” म्हणजे फार वेळ लागणार नाही. गॅरेजवाला असो की टेलर, हे वाक्य सगळेच म्हणतात.

वेळेशिवाय आणखी काय ‘लागतं’? माणसं, कष्ट, धीर. “हे कपाट उचलायला दोन माणसं लागतात.” “इट टेक्स टू पीपल टु लिफ्ट धिस कबर्ड.” “पुराच्या पाण्यात होडी घालायला धाडस लागतं.” “इट टेक्स करेज टु टेक अ बोट इन्टु फ्लडवॉटर.” या एकाच वाक्यात ‘टेक’ दोनदा आलं, पहिलं ‘लागणे’चं आणि दुसरं ‘नेणे’चं. त्या दुसऱ्याकडे आता जायचंच आहे.

त्याआधी एक कुंपण घालून घेऊ, कारण सगळ्याच ‘लागणे’ला ‘टेक’ चालत नाही. भूक लागली म्हणजे “आय ॲम हंग्री”. मुलाला नोकरी लागली म्हणजे “ही गॉट अ जॉब”. तिकिटाला शंभर रुपये लागतात म्हणजे “द टिकिट कॉस्ट्स अ हंड्रेड रुपीज”. तुमची मदत लागेल म्हणजे “आय विल नीड युअर हेल्प”. वेळ, माणसं किंवा मनाची ताकद खर्च होत असेल तर ‘टेक’ धरा. बाकीच्या ‘लागणे’ची वाट वेगळी.

पायरी 3: ‘नेणे’ आणि ‘घेऊन जाणे’

इथे मराठी माणसाला आयती सोय आहे. ‘नेणे’ म्हणजे ‘टेक’ आणि ‘आणणे’ म्हणजे ‘ब्रिंग’. बोलणाऱ्यापासून दूर गेलं तर टेक, त्याच्याकडे आलं तर ब्रिंग. “डबा बाबांना नेऊन दे.” “टेक द टिफिन टु बाबा.” “येताना भडंग आण.” “ब्रिंग सम भडंग व्हेन यू कम.” भडंगाला इंग्रजी शब्द शोधायच्या भानगडीत पडू नका, पाहुण्याला भडंगच म्हणू द्या.

चूक होते ती ‘घेऊन जाणे’चे दोन तुकडे केल्यामुळे. “आजीला घेऊन दवाखान्यात जा” याचं “टेक आजी अँड गो टु द हॉस्पिटल” होतं. समोरच्याला कळतं, पण ते इंग्रजी कानाला खडबडीत लागतं. ‘जा’ हे ‘टेक’च्या पोटातच आहे, ते वेगळं सांगायला नको: “टेक आजी टु द हॉस्पिटल.” काम सांगायचं असेल तर “टेक आजी टु गेट हर आइज चेक्ड”, म्हणजे आजीचे डोळे तपासून आणायला तिला ने.

वाहनाचंही असंच. आपण बसने जातो, रिक्षाने जातो. इंग्रजीत बस ‘टेक’ करतात: “आय टेक द बस टु मिरज एव्हरी डे.” रिक्षावाल्याला “टेक मी टु द स्टेशन” म्हणजे मला स्टेशनला घेऊन चला. आणि रस्ता सांगताना ‘वळा’च्या जागी: “आयर्विन पुलाच्या आधी डावीकडे वळा.” “टेक अ लेफ्ट बिफोर आयर्विन ब्रिज.” ‘टर्न लेफ्ट’ म्हटलं तरी तितकंच बरोबर.

पायरी 4: ‘काढणे’, ‘बघणे’, ‘खाणे’, म्हणजे दवाखान्यातलं ‘टेक’

मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात, आणि मराठी-कन्नडच्या मध्ये इंग्रजीचे चार शब्द धावून येतात. त्यामुळे ही पायरी आमच्याकडच्या सिस्टर मंडळींना फार उपयोगी पडते. एकाच वॉर्डात ‘टेक’ किती मराठी क्रियापदांचं काम करतं ते बघा.

ताप बघायचा आहे: “लेट मी टेक युअर टेम्परेचर.” बी. पी. बघायचं आहे: “लेट मी टेक युअर ब्लड प्रेशर.” नाडी बघायची तर ‘पल्स’. रक्त काढायचं आहे: “वी हॅव टु टेक सम ब्लड.” एक्स-रे काढायचा आहे: “वी नीड टु टेक ॲन एक्स-रे.” मराठीत बघणे, काढणे अशी दोन क्रियापदं झाली, इंग्रजीत एकच पुरलं.

मग गोळी. बोलण्यात आपण गोळी ‘खातो’, सिरप ‘पितो’. इंग्रजीत दोन्ही ‘टेक’ करतात. “आय एट अ टॅब्लेट” म्हटलं तर डॉक्टरांना अर्थ लागेल, पण औषधाला ‘ईट’ आणि ‘ड्रिंक’ कुणी लावत नाही. “टेक वन टॅब्लेट ट्वाइस अ डे, आफ्टर फूड.” म्हणजे जेवणानंतर, दिवसातून दोनदा, एक गोळी. हे वाक्य पाकिटावर वाचलेलं असतंच, आता तोंडाने म्हणा. पेशंटला विचारायचं तर “डिड यू टेक युअर मेडिसिन?” आणि नियमित चालू असलेल्या औषधांबद्दल “आर यू टेकिंग एनी मेडिसिन्स?” या दुसऱ्या प्रश्नाला ‘आत्ता तोंडात गोळी आहे का’ असं उत्तर द्यायचं नाही. सध्या कुठली औषधं चालू आहेत, एवढंच त्यात विचारलेलं असतं.

‘काढणे’ दवाखान्याबाहेरही ‘टेक’ला धरून चालतं. फोटो काढणे म्हणजे “टेक अ फोटो”. यासाठी ‘रिमूव्ह’ किंवा ‘पुल’ म्हणू नका. नोट्स काढणे म्हणजे “टेक नोट्स”. पण चित्र काढणे म्हणजे “ड्रॉ”, दूध काढणे म्हणजे “मिल्क द काउ”, आणि बँकेतून पैसे काढणे म्हणजे “विथड्रॉ” किंवा “टेक आउट”.

पायरी 5: परीक्षा देणारा इंग्रजीत परीक्षा ‘घेतो’

सर परीक्षा घेतात, मुलं परीक्षा देतात, हे मराठीतलं चित्र. इंग्रजीत ते बरोब्बर उलटं आहे. “द टीचर गिव्ह्ज द टेस्ट अँड द स्टुडंट्स टेक इट.” मला ही उलटापालट फार आवडते; एकदा ध्यानात बसली की आयुष्यभर विसरत नाही. “मी पुढच्या महिन्यात परीक्षा देणार आहे.” “आय ॲम टेकिंग द एक्झाम नेक्स्ट मंथ.” आपल्या देशात “गिव्ह ॲन एक्झाम” इतकं रुळलंय, की पुण्यात किंवा बंगळुरात कुणी भुवई उंचावणार नाही. पण परदेशी माणसाशी बोलताना किंवा इंग्रजीच्याच परीक्षेला बसताना ‘टेक’ म्हणा, नाहीतर तुम्हीच परीक्षक आहात असं समोरच्याला वाटू शकतं.

मुलाखतीला मात्र हा नियम लावू नका. “साहेबांनी माझी मुलाखत घेतली” याला “ही टुक माय इंटरव्ह्यू” म्हणत नाहीत, “ही इंटरव्ह्यूड मी” म्हणतात. आपण नोकरीसाठी मुलाखत दिली तर “आय हॅड ॲन इंटरव्ह्यू”. “आय गेव्ह ॲन इंटरव्ह्यू” म्हटलं तर तुम्ही वर्तमानपत्राला किंवा चॅनेलला मुलाखत दिली असा अर्थ निघतो, आणि ऐकणारा आदराने बघायला लागतो.

शिकवणीचंही जपून. “काकू घरी शिकवण्या घेतात” याला “शी टेक्स ट्यूशन्स” म्हटलं, तर काकू स्वतःच शिकायला जातात असं ऐकणारा समजू शकतो. “शी टीचेस ॲट होम” म्हणा, प्रश्न मिटला.

पायरी 6: आता ‘घेणे’

आता ‘घेणे’कडे वळू. इथे दोन ढीग करायचे आहेत. वहीचं एक पान उभं दुमडा. डावीकडे जिथे ‘टेक’ चालतं ती वाक्यं, उजवीकडे जिथे चालत नाही ती.

डावीकडचं पान सोपं आहे. सुट्टी घेणे, जबाबदारी घेणे, शपथ घेणे, कर्ज घेणे, काळजी घेणे, खोल श्वास घेणे, पुढाकार घेणे, फायदा घेणे या सगळ्यांना ‘टेक’ चालतं: टेक लीव्ह, टेक रिस्पॉन्सिबिलिटी, टेक ॲन ओथ, टेक अ लोन, टेक केअर, टेक अ डीप ब्रेथ, टेक द लीड, टेक ॲडव्हान्टेज. ‘टेक केअर’च्या मागे माणूस आला तर ‘ऑफ’ लागतो: “टेक केअर ऑफ युअर मदर.” आणि ‘टेक ॲडव्हान्टेज’ माणसाबद्दल वापरलं तर गैरफायदा होतो, संधीबद्दल वापरलं तर चांगलं. निर्णय घेणे याला ‘टेक अ डिसिजन’ आणि ‘मेक अ डिसिजन’ दोन्ही चालतात. अमेरिकेत ‘मेक’च जास्त.

उजवीकडचं पान जास्त कामाचं, आणि ते मोठं होत जाईल. शिक्षण घेणे: “आय स्टडीड इन सांगली”, ‘टेक एज्युकेशन’ नाही. अनुभव घेणे: ‘गेट’ किंवा ‘गेन’. माहिती घेणे: ‘फाइंड आउट’. कुणाची भेट घेणे: नुसतं ‘मीट’. विकत घेणे: ‘बाय’. कडेवर घेणे: ‘पिक अप’ किंवा ‘कॅरी’. आणि टेन्शन घेऊ नकोस: “डोन्ट वरी.” ‘डोन्ट टेक टेन्शन’ हे आपलं घरचं इंग्रजी आहे, घरात खुशाल वापरा, लंडनच्या क्लायंटला मेलमध्ये लिहू नका.

चहाचा प्रश्न वेगळा काढते, कारण सांगलीत तो दर तासाला येतो. “चहा घेणार का?” याला “विल यू टेक टी?” हे चुकीचं नाही, पण आता जुनाट वाटतं, “विल यू हॅव सम टी?” म्हणा. जेवणालाही ‘हॅव’. मात्र “हाउ डू यू टेक युअर टी?” हा प्रश्न आजही चालतो, आणि त्याचा अर्थ साखर-दूध किती, असा असतो. त्याला “विथ अ कप” असं उत्तर देणारे विनोदी विद्यार्थी दर वर्षी भेटतात.

आता खरा गुंता. मराठीत ‘घे’ हे क्रियापद दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटीला लागतं: आवरून घे, जेवून घे, समजून घे, जमवून घे. तिथे त्याला ‘घेणे’चा अर्थ उरलेलाच नसतो. स्वतःसाठी किंवा वेळेत एखादं काम उरकणे, एवढीच छटा असते. त्यामुळे इंग्रजीत ‘टेक’ शोधायचंच नाही. आवरून घे म्हणजे “गेट रेडी”, समजून घे म्हणजे “ट्राय टु अंडरस्टँड”, जमवून घे म्हणजे “ॲडजस्ट”. एक अपवाद गंमतीचा आहे: फोन नंबर लिहून घे, याला “टेक डाउन द नंबर” म्हणता येतं.

‘मनावर घेणे’लाही दोन तोंडं आहेत. “त्यानं मनावर घेतलं तर परीक्षा पास होईल” यातलं मनावर घेणं म्हणजे नेटानं कामाला लागणं. इथे “इफ ही रिअली ट्राइज” म्हणावं. बोलणं मनाला लावून घेणं ते वेगळं: “डोन्ट टेक इट टु हार्ट.” आणि गंभीरपणे घेणे म्हणजे ‘टेक सीरियसली’: “ही डझन्ट टेक हिज स्टडीज सीरियसली.” ही तक्रार पालकसभेत हमखास ऐकू येते.

पायरी 7: ‘टेक’च्या मागे लागणारे छोटे शब्द

ऑफ, आउट, डाउन, अप, ओव्हर, आफ्टर. या जोड्यांच्या लांबलचक याद्या पाठ करणं मला पटत नाही. चार दिवसांत सगळं एकमेकांत मिसळतं. पहिल्या महिन्यात एवढ्यावर भागतं.

अंगावरचं काढणे म्हणजे ऑफ: “प्लीज टेक ऑफ युअर शूज.” गणपती मंदिरात शिरताना पाहुण्याला हेच सांगाल. आतलं बाहेर काढणे म्हणजे आउट: पिशवीतून डबा काढणे किंवा टाके काढणे, “टेक आउट द स्टिचेस”. वर लावलेलं खाली काढणे म्हणजे डाउन: भिंतीवरचं कॅलेंडर काढणे, मांडव काढणे. मराठीत तिन्हीकडे ‘काढणे’ आहे, म्हणून वस्तू कुठून निघतेय तेवढं डोळ्यांसमोर आणा, छोटा शब्द आपोआप सापडेल. विमान उडणे हेही ‘टेक ऑफ’.

वस्तूच्या जागी ‘इट’ आलं तर ते मध्ये बसतं: “टेक इट ऑफ”, “टेक देम आउट”. “टेक ऑफ इट” असं होत नाही.

‘टेक आफ्टर’ मात्र कधी तुटत नाही. “नातू अगदी आजोबांच्या वळणावर गेलाय.” “ही टेक्स आफ्टर हिज ग्रँडफादर.” मराठीतलं ‘वळण’ आणि हे ‘आफ्टर’ एकमेकांना नेमके जुळतात. ‘टेक ओव्हर’ म्हणजे कारभार हाती घेणे, वडिलांची हळदीची पेढी मुलानं सांभाळायला घेतली, “ही टुक ओव्हर हिज फादर्स बिझनेस.” ‘टेक अप’ म्हणजे नवी गोष्ट सुरू करणे, छंद म्हणून किंवा काम म्हणून: “शी टुक अप सिंगिंग आफ्टर रिटायरमेंट.”

जाता जाता: ‘टेक’ मुळातला इंग्रजी शब्द नाही. इंग्लंडवर चाल करून आलेल्या आणि पुढे तिथेच राहिलेल्या उत्तरेकडच्या व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतला तो ‘टाका’. त्याआधी इंग्रजीत घेण्याला ‘निमान’ म्हणत, जर्मनमध्ये आजही ‘नेमेन’ म्हणतात. ‘टेक’नं ‘निमान’ला हाकलून लावलं, त्याचा एक अवशेष ‘नम’मध्ये (स्पेलिंग एन-यू-एम-बी) राहिलाय, म्हणजे बधिर, ज्याची जाणीव ‘घेतली गेली’ आहे असा. मराठीतल्या ‘टेकणे’शी मात्र याचं काही नातं नाही, दरवर्षी कुणीतरी विचारतं म्हणून सांगून ठेवते.

पायरी 8: सराव कसा करायचा

रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरात आपण खरंच बोललेली चार-पाच मराठी वाक्यं वहीत लिहा. ‘राम आंबा खातो’ छापाची नकोत. “स्टँडवर अर्धा तास लागला”, “बाबांची गोळी राहिली”, “पोरीला क्लासला सोडायचं होतं” अशी लिहा. मग त्यात ‘टेक’ बसतं का ते बघा. बसत नसेल तर उजव्या पानावर टाका.

तपासण्यासाठी फोनवरचं भाषांतर वापरायला हरकत नाही, पण नुसता ‘टेक’ टाकला की ‘घेणे’ मिळतं आणि आपण होतो तिथेच येतो. पूर्ण वाक्य टाका. त्याहून बरा उपाय म्हणजे शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. लॉन्गमन, केंब्रिज, ऑक्सफर्ड या तिघांचेही असे कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. लॉन्गमनच्या कोशात अर्थ साधारण 2000 सोप्या शब्दांतच सांगितलेले असतात, त्यामुळे सुरुवात तिथून करा. ‘टेक’ची नोंद लांबच लांब आहे, ती वाचून काढायची नाही. आपल्या वाक्यातलं नाम, म्हणजे ‘टाइम’, ‘मेडिसिन’, ‘बस’, त्यात शोधा आणि फक्त ते उदाहरण उतरवून घ्या.

आणि मोठ्यानं बोला. घरात लाज वाटत असेल तर कृष्णाकाठी फिरायला जाताना बोला. आठवड्यातून एकदा कुणातरी सोबत्याला किती वेळ लागतो, कुठे नेतोस, औषध घेतलंस का, एवढे तीनच प्रश्न इंग्रजीत विचारा आणि त्याच्याकडून विचारून घ्या.

खाली सहा वाक्यं देते. उत्तरं झाकून आधी स्वतः करा.

“हरिपूरला चालत जायला किती वेळ लागतो?” “मला स्वयंपाकाला एक तास लागला.” “आईला उद्या मिरजेला न्यायचंय.” “भाऊ बँकेची परीक्षा देतोय.” “चष्मा काढा, फोटो काढायचाय.” “बाबांनी कर्ज घेऊन ट्रॅक्टर घेतला.”

उत्तरं अशी. “हाउ लाँग डज इट टेक टु वॉक टु हरिपूर?” “इट टुक मी ॲन अवर टु कुक.” “आय हॅव टु टेक आई टु मिरज टुमॉरो.” “माय ब्रदर इज टेकिंग अ बँक एक्झाम.” “टेक ऑफ युअर ग्लासेस, आय वॉन्ट टु टेक अ फोटो.” शेवटच्या वाक्यात ‘घेणे’ दोनदा आहे आणि ‘टेक’ एकदाच: “बाबा टुक अ लोन अँड बॉट अ ट्रॅक्टर.” तिथे दुसऱ्यांदा ‘टुक’ लिहिलं असेल तर पायरी 6 मधलं उजवं पान परत उघडा आणि ‘विकत घेणे’च्या ओळीखाली रेघ मारा.